‘दुष्काळ’ या शब्दाचा पंचनामा व्हावा : मराठी भाषा विभागास खुले पत्र

प्रति,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
तसेच अर्जांचे आणि पंचनाम्यांचे नमुने तयार करणारे सर्व अधिकारी

विषय : शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द सरकारी नमुन्यांत घेण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसीलसमोर माझं अर्ज लिहून देण्याचं दुकान आहे. सव्वीस वर्षं हेच काम करतो आहे. आधी कोऱ्या कागदावर हातानं लिहायचो, मग टंकलेखन यंत्र घेतलं, आता संगणक आहे. पहिली ओळ मात्र तीच राहिली : ‘विनंती अर्ज करतो की...’

कितीतरी वर्षं ही ओळ लिहिताना मला वाटायचं, आपण लोकांच्या वतीनं हात पसरतो आहोत. मग एकदा शब्दकोश घेऊन बसलो. ‘विनंती’ संस्कृतातल्या ‘विज्ञप्ती’पासून, प्राकृतातून झिजत झिजत आपल्याकडे आली. विज्ञप्ती म्हणजे कळवणं, जाणीव करून देणं. ‘अर्ज’ अरबीतून आला, त्याचा अर्थ समोर मांडणं. म्हणजे विनंती अर्ज करणारा माणूस जे घडलं ते समोर ठेवतो आणि कळवतो. त्यात याचना कुठंच नाही. त्या दिवसापासून मी ही ओळ ताठ मानेनं लिहितो, आणि हे पत्रही त्याच अर्थानं विनंती अर्ज समजावं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते आपल्याला सांगायला नको. मांजरा, तेरणा, सिंदफणा, गोदावरी पात्र सोडून वावरात आल्या. सोयाबीन काढणीला आलं होतं, कापूस फुटू लागला होता. पाणी ओसरल्यावर माझ्या दुकानासमोर रांग लागली. त्या रांगेत एक आबा होते. सत्तरी ओलांडलेली, धोतर गुडघ्यापर्यंत चिखल वाळून कडक झालेलं, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. माझ्यापुढं एका कचेरीतून आलेला नमुना होता. ‘नुकसानीचा प्रकार’ या रकान्यात तीन पर्याय : पिकाचं नुकसान, जमीन खरडून जाणं, जमिनीवर गाळ साचणं.

मी विचारलं, ‘आबा, जमीन खरडून गेली का?’

‘न्हाई बाबा. जमीन हाय तिथंच हाय.’

‘गाळ आलाय?’

‘गाळ बी न्हाई. वावर चिबाडलंय. पाय टाकला की गुडघ्याएवढा आत जातोय. दिवाळी झाली तरी वाफसा यायचा न्हाई बघ. मग ज्वारी कवा पेरू?’

चिबाडलं म्हणजे पाणी धरून दलदल झालेलं, आणि वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल. आबांचं सगळं नुकसान या दोन शब्दांत होतं आणि त्या दोन्ही शब्दांना रकान्यात जागा नव्हती. मी ‘पिकाचं नुकसान’ निवडलं. आबांचं खरिपाचं सोयाबीन मोजलं गेलं. पाणथळ होऊन बसलेली, रब्बीला पेरताच न येणारी जमीन कुठल्याच कागदावर आली नाही. ज्या शब्दाला रकाना नाही त्याला रक्कमही नाही, हे मी सव्वीस वर्षांत पुष्कळदा पाहिलं. पण आबा ‘लिहिलंस का रे चिबाडलं म्हणून?’ असं दोनदा विचारून गेले, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

त्याच दिवसांत सगळीकडे एक मागणी होती : ओला दुष्काळ जाहीर करा. उत्तर आलं की ओला दुष्काळ अशी संज्ञा नियमावलीत नाही. दुष्काळात देतो त्या सवलती मात्र देऊ. पुढं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. पैशाबद्दल बोलायला इथं माझ्यापेक्षा जाणती माणसं पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते ‘अशी संज्ञा नाही’ या वाक्याबद्दल, कारण ते मराठी भाषेबद्दलचं विधान आहे आणि तुमचा विभाग मराठी भाषेचा आहे.

शाळेत विसर्गसंधी शिकताना आपण सगळ्यांनी हे उदाहरण गिरवलं : दुः अधिक काल, दुष्काल. दुः म्हणजे वाईट, काल म्हणजे वेळ. दुष्काळ म्हणजे वाईट वेळ, वाईट दिवस. त्याचा जोडीदार सुकाळ, चांगले दिवस. या शब्दात पाण्याचं नाव नाही, उन्हाचं नाही, कोरडेपणाचं नाही. पाऊस न पडण्याला मराठीत वेगळा शब्द आहे, अवर्षण. खायला न मिळण्याला वेगळा आहे, दुर्भिक्ष. भिक्षासुद्धा मिळणं अवघड व्हावं असा काळ म्हणजे दुर्भिक्ष. पाऊस उदंड होण्याला अतिवृष्टी. या सगळ्यांवर छत्र धरणारा मोठा शब्द दुष्काळ. कारण कुठलंही असो, माणसाच्या आणि जनावराच्या पोटावर वाईट वेळ आली की तो दुष्काळ.

आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ‘दुकाळ’ म्हणतात. तो उच्चार अशुद्ध नाही. दुष्काल, दुक्काल, दुकाळ असा प्राकृताच्या वाटेनं तो सरळ चालत आला आहे. आणि एखाद्या संकटात दुसरं संकट आलं की आपण काय म्हणतो? दुष्काळात तेरावा महिना. अधिक मास आला की वर्षाचे महिने तेरा होतात. आधीच सरता सरत नाही अशा वाईट वर्षाला आणखी एक महिना जोडला जातो. ज्यांनी ही म्हण केली त्यांना दुष्काळ हे काळाचं माप आहे हे पक्कं ठाऊक होतं. यंदा शके १९४८ ला ज्येष्ठ अधिक आहे. गेल्या सप्टेंबरात ज्याचं वावर गेलं त्याच्या घरात ही म्हण कशी ऐकू येत असेल, ते कृपया ध्यानात घ्यावं.

मग अडचण कुठं आहे? अडचण भाषांतरात आहे. केंद्र सरकारची २०१६ ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता इंग्रजीत तयार झाली. तिच्यातला शब्द ‘ड्रॉट’. तो इंग्रजीतल्या ‘ड्राय’ या शब्दाच्या कुळातला, त्याचा जन्मच कोरडेपणातून. तिथं पावसातला खंड, जमिनीतला ओलावा, पिकांची हिरवाई, धरणातला साठा हे सगळं मोजतात, आणि ड्रॉट मोजायचा तर ते बरोबरच आहे. ‘वेट ड्रॉट’ म्हटलं तर इंग्रजी माणसाला ते ओलं कोरडेपण वाटेल आणि तो हसेल. मराठी माणसाला ओला दुष्काळ म्हणताना हसू येत नाही, कारण त्याच्या शब्दात वाईट वेळ आहे आणि वाईट वेळ ओलीही असते, कोरडीही असते. आपण ‘ड्रॉट’ला ‘दुष्काळ’ म्हटलं तोपर्यंत ठीक होतं. पुढं उलटं झालं. ‘दुष्काळ’ म्हणजे फक्त ‘ड्रॉट’ असं ठरलं, आणि आपला ऐसपैस शब्द त्या चिंचोळ्या दारातून आत जाईना.

आपल्या जुन्या परंपरेत सहा ईती सांगितल्या आहेत, शेतीवर येणाऱ्या सहा आपत्ती. अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सीमेवरचे राजे. अति पाऊस आणि पाऊस नसणं शेजारीशेजारी, एकाच ओळीत, एकाच नावाखाली. संस्कृतात ही जोडी मान्य होती आणि मराठीतही मान्य आहे.

शब्द काढून घेतल्यानं काय होतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९६३ साली महाराष्ट्रात एक कायदा झाला, राज्याच्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द वगळण्याचा. हा शब्द मूळ लॅटिनमधल्या भुकेच्या शब्दावरून आलेला. कारण असं दिलं गेलं की शेतीच्या परिस्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाई दिसली की लगेच उपाय होतात, त्यामुळे फॅमिनला आता वाव उरलेला नाही. त्याच्या जागी ‘स्केअर्सिटी’ आली, आपल्या कागदांवर ‘टंचाई’. त्यानंतर नऊ वर्षांनी बहात्तर आलं. आमच्याकडं नुसतं ‘बहात्तर’ म्हणतात, पुढं काही जोडावं लागत नाही. माझी आजी त्या साली खडी फोडायला जायची आणि पदरात सुकडी बांधून आणायची. तिच्या तोंडून मी ‘टंचाई’ हा शब्द एकदाही ऐकला नाही. ती ‘दुकाळ’च म्हणायची. भूक कायद्यातून वगळली गेली होती, तिच्या पोटातून वगळली गेली नव्हती. पुढच्या वर्षांत ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश’ असे शब्द कागदावर आले. सदृश म्हणजे सारखं दिसणारं. पाण्याचा टँकर गावात येतो तेव्हा बायका घागरी घेऊन धावतात, त्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या कशासाठी धावत नाहीत.

लातूरचं नाव घ्यायलाच हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या गाडीचं नाव ‘जलदूत’. त्याच लातूर जिल्ह्यात नऊ वर्षांनी मांजरेच्या काठची वावरं पाण्याखाली गेली. दोन्ही वेळी पीक गेलं, दोन्ही वेळी जनावरांच्या वैरणीचे हाल झाले, दोन्ही वेळी सावकाराच्या दारात जावं लागलं. तिथला शेतकरी दोन्हीला एकच शब्द वापरतो आणि पुढं ‘ओला’ की ‘कोरडा’ एवढं सांगतो. याहून नेमकी संज्ञा कोणती हवी?

त्या महिन्यातला आणखी एक शब्द सांगतो, विसर्ग. रोज सकाळी मोबाईलवर निरोप यायचा : जायकवाडीतून विसर्ग वाढवला, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. माझी पुतणी आठवीत आहे. तिनं विचारलं, ‘काका, विसर्ग म्हणजे ती दोन टिंबं ना?’ तिचं बरोबर होतं. ‘सृज्’ म्हणजे सोडणं. श्वास सोडला की अक्षरापुढची दोन टिंबं होतात, धरणानं पाणी सोडलं की तोही विसर्ग, आणि त्याच महिन्यात आपण गणपती सोडून आलो ते विसर्जन. मी तिला ‘दुःख’ लिहून दाखवलं आणि त्यातला विसर्ग दाखवला. मग ‘दुष्काळ’ लिहिला आणि सांगितलं की विसर्ग इथंही आहे, फक्त संधीत मिसळून ‘ष’ झाला आहे. तिला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून आली. व्याकरणाच्या पुस्तकातला शब्द आणि नदीकाठच्या इशाऱ्यातला शब्द एकच आहे हे आपल्या मुलांना कळायला हवं. ते कळवणारी माणसं तुमच्याकडे आहेत.

आता वाफसा. हा शब्द ज्याला नीट कळला त्याला शेती अर्धी कळली. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना ढेकूळ, अशी एक अवस्था येते. मातीत ओल असते आणि हवाही खेळत असते. माझे वडील वावरात वाकून मूठभर माती घ्यायचे, दाबायचे आणि मूठ उघडायचे. गोळा होऊन बोटांना चिकटला तर अजून वाफसा नाही. गोळा झाला आणि अंगठ्यानं हलकं ढकलताच भुगा झाला तर म्हणायचे, ‘आला वाफसा, उद्या तिफण धरू.’ ‘वाफ’ संस्कृतातल्या ‘बाष्प’ची मुलगी. बाष्प म्हणजे वाफ आणि बाष्प म्हणजे अश्रूही. वाफसा येण्यासाठी जमिनीनं श्वास घ्यावा लागतो, हे आमच्या लोकांनी एका शब्दात साठवून ठेवलं. जमिनीतला ओलावा मोजायला आता उपग्रह आहेत आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण कमी ओल आणि जास्त ओल यांच्या मधली पेरणीजोगी ओल ओळखायला मूठ उघडावी लागते. म्हणून ‘वाफसा न आल्यानं रब्बी पेरता आली नाही’ या वाक्याला तुमच्या नमुन्यात जागा द्या. हे वाक्य हजारो लोकांचं आहे.

‘खरीप’ आणि ‘रब्बी’ हेही याच गोष्टीत येतात. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत. दोन्ही नावं पिकं हाती येण्याच्या काळाची आहेत. आपण खरीप म्हटलं की मृगाची पेरणी आठवतो, पण शब्द काढणीकडं बोट दाखवतो. सप्टेंबरातला पाऊस नेमका शब्दाच्या अर्थावर पडला.

‘खरडून’ हा शब्द नमुन्यात आला याचा मला आनंद आहे. तो कोणीतरी गावात बसून ऐकलेला असणार. नदीनं मातीचा थर तासून नेला आणि खाली मुरूम उघडा पडला की वावर खरडून गेलं. घाईघाईनं काही लिहिलं की आपण तेही खरडलं म्हणतो. एक शब्द कागदावर आला आणि एका प्रकारच्या नुकसानीला ओळख मिळाली. मग चिबाडलेल्या वावराला ती का मिळू नये? धुरा वाहून गेला तर? धुरा म्हणजे बांध, दोन वावरांमधली हद्द. ती गेली की पुढची दहा वर्षं भावकीत भांडण. आखाडा पडला तर? परभणी-हिंगोलीकडं आखाडा म्हणजे शेतातला गोठा, अवजारांची खोली, राहण्याची जागा, सगळं एकात. नमुन्यात ‘घर’ आणि ‘गोठा’ असे दोन रकाने असले की आखाडावाला दोन्हीकडं हिंडतो.

उलट काही शब्द नमुन्यात आहेत पण माणसाच्या तोंडी नाहीत. ‘निविष्ठा अनुदान’ म्हणजे काय, हे मला रोज पाच जण विचारतात. बी आणि खत, एवढंच उत्तर आहे. मदतीच्या यादीतला ‘विशिष्ट क्रमांक’ लोकांना जड गेला, तेव्हा त्यांनी स्वतःच त्याचा ‘व्हीके नंबर’ केला. आता शेतातल्या आजीसुद्धा विचारतात, ‘माझा व्हीके आला का?’ शब्द असाच होतो, माणसाच्या जिभेवर. त्यावर कुणी नाक मुरडू नये.

‘नजरअंदाज’चं निराळंच आहे. पैसेवारी म्हणजे गावात पीक किती आलं याचा सरकारी हिशेब. आमच्याकडे आधी नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, मग सुधारित, मग अंतिम. पूर्वी ती आणेवारी होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आता शंभर पैसे, आणि पन्नासच्या खाली आली तर गाव वाईट अवस्थेत. नजरअंदाज म्हणजे डोळ्यांनी पाहून बांधलेला अंदाज. पण नव्या पोरांना हा शब्द हिंदी मालिकांतून माहीत, आणि हिंदीत त्याचा अर्थ दुर्लक्ष करणं. एका पोरानं पेपरातला मथळा वाचून मला खरोखर विचारलं, ‘दादा, सरकारनं पैसेवारीकडं दुर्लक्ष केलंय का?’ मला त्याला समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. शेजारच्या भाषेतून एक अर्थ येतो आणि घरातला अर्थ निघून जातो, हे असं रोज घडतं आहे.

कोणी म्हणेल, मग सगळे परके शब्द काढून शुद्ध मराठी करा. तसं माझं मुळीच म्हणणं नाही. निदान मराठवाड्यात तरी ते कोणी करू नये. महसूल म्हणजे अरबीत हाती आलेलं उत्पन्न, तहसील म्हणजे ते गोळा करणं, आणि ‘रडून काय हाशील’ मधलं हाशीलही त्याच घरातलं. जिल्हा म्हणजे मुळात बरगडी, बाजू. पंचनाम्यातले पंच आपले आणि नामा फारसीतला, आणि तो शब्द सूत-रेशमाच्या हिमरू शालीसारखा दोन धाग्यांनी विणलेला आहे. शतकानुशतकं या मातीवर जे जे आले ते शब्द ठेवून गेले. ते आता आमचे आहेत.

त्यातल्या काही शब्दांना इथं वेगळं वजन आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, त्याआधी लोकांनी ज्यांची दहशत सोसली त्यांना रझाकार म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ स्वखुशीनं काम करणारा, स्वयंसेवक. ‘रजा’, ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ याच मुळाची फांदी : संमती, खुशी. पण रझाकार म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांच्या अंगावर आजही काटा येतो. शब्दकोशातला अर्थ आणि गावानं भोगलेला अर्थ, दोन्ही नोंदवायला हवेत.

गेल्या सप्टेंबरपासून मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना हैदराबाद गॅझेटचा विषय निघाला आणि लोक पेटीतली जुनी कागदं घेऊन माझ्याकडं येऊ लागले. त्यांवर फसली साल असतं. फसल म्हणजे हंगाम, फसली म्हणजे महसुलासाठी हंगामावर बांधलेलं वर्ष. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. ‘कुणबी’ या शब्दाचं मूळ ‘कुटुंबिन्’, म्हणजे कुटुंब असलेला, घर करून राहणारा. शेती करून घर चालवणाऱ्याला हे नाव मिळालं. आणि ‘गॅझेट’ म्हणजे व्हेनिसमधलं एक छोटं नाणं, त्या किमतीला तिथं बातम्यांचा कागद मिळायचा. आरक्षणाबद्दल कोणाचं काय मत आहे हा या पत्राचा विषय नाही. पण ज्या शब्दांवर लोक एवढे भांडताहेत त्यांची ओळख कोणी करून दिली तर बोलणं जरा शांत होईल, असं मला मनापासून वाटतं.

लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. वावरात कडब्याची कोप उभारतात, भज्जी, उंडे, आंबील, आणि गावात चिटपाखरू राहत नाही. शाळेच्या वहीत तिला ‘वेळा अमावास्या’ लिहितात आणि मुलं त्यात वेळ शोधतात. सीमेपलीकडं बीदरला हीच अमावास्या ‘एळ्ळ अमावास्ये’ आहे, एळ्ळु म्हणजे तीळ. आमच्यातले काही जण ‘एळु’ म्हणजे सात, सातवी अमावास्या असं सांगतात. तीळ असो की सात, शब्द कन्नड आहे. सण आणि शब्द दोन्ही सीमा ओलांडून जेवायला आले आहेत.

एक शब्द मात्र माझ्यानं आनंदानं सांगवत नाही. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो. मुकादम म्हणजे अरबीत पुढं ठेवलेला, पुढारी. उचल म्हणजे उचललेला पैसा, जो अंग मोडून फेडायचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. एकटा असेल तर ‘अर्धा कोयता’. ‘तुझे किती कोयते?’ असं मुकादम विचारतो आणि माणसं मोजतो. मागच्या वर्षी एक बाई रेशन कार्डाच्या कामाला आली होती. धंदा काय लिहू विचारलं तर म्हणाली, ‘अर्धा कोयता लिहा. मालक वारले.’ नमुन्यात मी ‘मजूर’ लिहिलं. तिनं चार शब्दांत सांगितलेलं सगळं त्यात पुसलं गेलं : नवरा, काम, दर, एकटेपण. हा शब्द शासनानं गौरवानं वापरावा असं मी म्हणत नाही. पण तो कोशात नोंदवला गेला पाहिजे, त्याच्या पूर्ण अर्थासकट, म्हणजे उद्या कोणी म्हणू शकणार नाही की माणसाला हत्याराच्या अर्ध्यात मोजण्याची रीत इथं नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जे पुरावे मांडले गेले त्यात सातवाहन राजा हालाची ‘गाथासप्तशती’ होती. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. प्रतिष्ठानचं पइट्ठाण, पइट्ठाणचं पैठण. जायकवाडीचं पाणी जिथून सुटतं तेच हे गाव. त्या गाथांमध्ये गोदाकाठ आहे, शेतं आहेत, शेतकऱ्यांच्या लेकीसुना आहेत. म्हणजे आपल्या भाषेचं वय मोजायला जी माणसं साक्षीला लागली ती वावरातली होती. त्यांच्या आजच्या नातवंडांचे शब्द रकान्यात बसत नाहीत म्हणून बाहेर राहावेत, हे कोणालाच मान्य होऊ नये.

म्हणून माझं मागणं सांगतो. आपत्तीचा कुठलाही नवा नमुना छापण्याआधी किंवा संगणकावर चढवण्याआधी तुमच्या विभागातलं एक माणूस त्या भागातल्या पाच गावांच्या चावडीवर जाऊन बसावं. लोक नुकसान कुठल्या शब्दात सांगतात ते लिहून घ्यावं आणि त्यातून रकाने पाडावेत. कोकणातलं नुकसान वेगळं, विदर्भातलं वेगळं, आमचं वेगळं. प्रत्येक नमुन्यात शेवटी एक मोकळी जागा ठेवावी, ‘अर्जदाराच्या शब्दांत’ अशी, आणि ती वाचणारं कोणीतरी असावं. भाषा संचालनालयाच्या शासन व्यवहार कोशात ‘दुष्काळ’ या नोंदीखाली त्याचा पूर्ण अर्थ यावा, आणि तिथं ‘ओला दुष्काळ’ही यावा. संहितेतल्या ‘ड्रॉट’साठी ‘अवर्षण’ हा नेमका मराठी शब्द आहेच. तो वापरला तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतील आणि कोणाचाच हिशेब चुकणार नाही. चिबाड, वाफसा, धुरा, आखाडा, गाळपेर, झड असे शब्द जमवायला फार खर्च येत नाही. शाळेतल्या मुलांना एक सुट्टी आणि एक वही द्या, ती आपापल्या आजीकडून पन्नास शब्द आणतील. माझी पुतणी आताच बावीस शब्दांवर पोचली आहे.

आबा परवा परत आले होते. रब्बी गेलीच. आता पुन्हा मृग तोंडावर आहे आणि वावराच्या खालच्या अंगाला अजून पाणी पाझरतं. चर खोदून पाणी काढायचं म्हणतात, त्यासाठी काही मिळतं का बघ म्हणाले. दुसरा अर्ज करायचा आहे. नमुना तोच आहे, पर्याय तेच तीन आहेत. सोमवारी ते पुन्हा येतील तेव्हा ‘नुकसानीचा प्रकार’ या रकान्यात मी काय लिहावं, ते कृपया कळवावं.

कळावे,
आपला,
तहसीलसमोरचा एक अर्जनवीस
जिल्हा बीड, मराठवाडा